वळणावरची ड्यूटी

प्रेमानंद मेश्रामचं घर कुठे, असं भिलाईच्या रुआबांध्यात कुणालाही विचारा. पत्ता सांगण्याआधी लोक सांगतील, माणूस रागीट आहे, सांभाळून बोला. आणि खोटं सांगणार नाहीत. त्याला ट्रकवाल्यांचा राग येतो, कुत्र्यांचा येतो, पहाटे रस्त्याच्या मधोमध चौघं ओळीनं चालत बीपीच्या गोळ्यांवर चर्चा करणाऱ्या रिटायर्ड मंडळींचा येतो. रसमड्याच्या कारखान्यांचा तर इतका येतो, की तिथून सायकल काढताना तोंडावरचा रुमाल खाली ओढून तो चिमण्यांकडे बघत शिव्या घालतो, आणि मग धूर गिळावा लागला म्हणून आणखी चिडतो.

वडील आनंदराव भंडाऱ्याकडून आले, पोलादाचा प्लांट उभा राहत होता तेव्हा खलाशी, म्हणजे हेल्पर, म्हणून लागले. प्रेमानंद कोक ओव्हनमध्ये, भट्टीची दारं उघडणाऱ्या गाडीवर ऑपरेटर. पन्नाशी जवळ आलेली, अंगावर मांस म्हणून नाही, पोटऱ्या मात्र लाकडाच्या. पळायला लागला तोही रागानेच. प्लांटच्या खेळांच्या दिवशी एक तरुण साहेब म्हणाला, "मेश्राम जी, अब आप कुर्सी पर बैठिए, ताली बजाइए." हा बूट न बदलता लाइनीत जाऊन उभा राहिला आणि दुसरा आला. पहिला का आलो नाही म्हणून पुढचे आठ दिवस घरात धुसफुसत होता. मग गिअरची सायकल आली, मग भिलाई-दुर्गची एक सायकल-रनिंगची मंडळी भेटली, आणि सुट्टीच्या दिवशी जंगलातल्या पायवाटांवर पळणं हे त्याच्या आयुष्यात ड्यूटीच्या खालोखाल जाऊन बसलं.

या खेळाचा हंगाम थंडीचा. होळी झाली की ऑफ-सीझन, तो थेट दसऱ्यापर्यंत. ऑफ-सीझनमध्ये करायचं काय? तर हळू पळायचं, हळू सायकल चालवायची, पाया भरून घ्यायचा. इतकं हळू, की पळता पळता शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. दम लागून वाक्य तुटलं की समजायचं, वेग जास्त झाला. प्रेमानंद म्हणायचा, "मले तं अडचणच नाही. मी पुरा डोंगर चढतो अन् एकही शिवी तुटत नाही."

पण त्या वर्षी त्याने खरंच मन लावून हळू पळायचं ठरवलं होतं. कारण होतं डिसेंबरातलं. बस्तरच्या बाजूला जंगलात जोडीची स्पर्धा होती. आधी सायकल, मग डोंगरातून पळणं, आणि दोघांनी सुरुवातीपासून शेवटपर्यंत बरोबर राहायचं. जोडीदार सोडला की बाद. प्रेमानंदला ती स्पर्धा पळायचीच होती. पाय चालताहेत तोवर एकदा. आणि नेमकं तिथेच घोडं अडलं होतं, कारण त्याच्याबरोबर पळायला कुणी तयार नव्हतं. एक बँकेतला जोडीदार मिळाला होता, त्याला याने भर नाल्यात उभं करून झापलं, कारण तो बूट भिजतील म्हणून दगड शोधत बसला होता. तो परत दिसला नाही. दुसरा एक डॉक्टर होता. त्याचं काय झालं ते प्रेमानंद सांगत नाही.

उरला प्रफुल्ल. प्रफुल्ल ठवकर, तिशी ओलांडलेला, रोलिंग मिलमध्ये. घराणं भंडाऱ्याकडचंच, शेतीवाडीतलं, मेश्रामांच्या गावापासून त्यांचं गाव एका नदीपलीकडे. मंडळीत घरची मराठी बोलणारे हे दोघंच, म्हणून प्रफुल्ल त्याला प्रेमाभाऊ म्हणायचा. बाकी सगळे अंकल म्हणत, आणि तो शब्द प्रेमानंदला गोमाशीसारखा चावायचा. पोरगं चांगलं पळायचं. मंडळीचा म्होरक्या अंकुर, ज्याचा कोचिंग क्लास होता आणि कुरुदला नव्या कॉलनीत बंगला, त्यालाही प्रफुल्लच जोडीला हवा होता.

"पाहा प्रेमाभाऊ," प्रफुल्ल म्हणाला होता, "मी तुमच्यासंग नाव देतो. पण हा ऑफ-सीझन डोकं थंड ठेवून दाखवा. कोणावर ओरडाचं नाही. नवरात्राच्या आधी आपली शेवटची लाँग प्रॅक्टिस होते न, तिथपर्यंत. नाही तं मग मी अंकुरसंग देतो, बुरा नोका मानू."

प्रेमानंदने मान हलवली. आणि खरं सांगायचं तर त्या माणसाने कमाल केली. उन्हाळाभर मरोदा टँकच्या तळ्याकाठी कासवासारखा पळाला. पावसाळाभर चिखलातून सायकल रेटली आणि ट्रकने अंगावर चिखल उडवला तरी तोंडातून अवाक्षर काढलं नाही. घरी येऊन बाथरूमचं दार मात्र असं आपटायचा, की बायको सत्यशीला म्हणायची, आज किती ट्रक भेटले ते दारावरून कळते.

आणखी एक गोष्ट त्याने गिळली. जंगलात प्रॅक्टिस असली की एखाद्या वळणावर कुणाला तरी उभं राहावं लागतं, मागून येणारा चुकीच्या वाटेला जाऊ नये म्हणून. पाण्याच्या कॅनपाशी कुणाला तरी थांबावं लागतं. आता मंडळीत माणसं भरपूर होती. पण अंकुरची नजर फिरत फिरत दर वेळी प्रेमानंदवरच येऊन थांबायची. "अंकल, आप तो प्लांट वाले हो, धूप की आदत है." सगळे हसायचे. प्रफुल्लही हसायचा. आणि हा उभा राहायचा, बाकीचे पळून यायचे, मग हा एकटा मागाहून पळायचा. पूर्वीचा प्रेमानंद असता तर पहिल्याच वेळी त्याने अंकुरच्या सात पिढ्यांची विचारपूस केली असती. पण डिसेंबर डोळ्यासमोर होता.

शेवटची प्रॅक्टिस नवरात्राच्या आधीच्या रविवारी ठेवली होती, कारण एकदा नवरात्र लागलं की डोंगरगडच्या रस्त्यावर देवीला पायी जाणाऱ्यांची रीघ लागते आणि सायकलला जागा उरत नाही. भल्या पहाटे सगळे निघाले. दुर्ग, रसमडा, राजनांदगाव मागे टाकून डोंगरगडच्या अलीकडच्या एका टेकडीखाली सायकली लावल्या. अंकुरची गाडी ड्रायव्हरने मागून आणली होती, पाणी आणि सामान घेऊन. ऑफ-सीझन आहे, घड्याळ-मोबाइल बघत पळायचं नाही, सगळ्यांनी बॅगा गाडीत टाका, असा अंकुरचा नियम. प्रेमानंदनेही फोन आणि डबा बॅगेत घालून बॅग गाडीत टाकली.

टेकडीच्या अर्ध्यावर वाट फुटते. डावीकडची वळसा घालून खाली येते. उजवीकडची जाते जुन्या दगडखाणीकडे, आणि पावसाळ्यानंतर तिथे कमरेइतकं गवत माजलेलं असतं. खाणीची कड कुठे संपते ते गवतात दिसत नाही. खाली हिरवं पाणी.

"अंकल, बस थोड़ी देर यहाँ रुक जाओ," अंकुर म्हणाला. "सबको लेफ्ट भेजना. मैं किसी को भेजता हूँ, फिर आप आ जाना. प्रफुल्ल आपके लिए आगे रुकेगा."

प्रफुल्लने अंगठा दाखवला आणि दोघं डावीकडे वळून झाडीत दिसेनासे झाले.

प्रेमानंद उभा राहिला. एकेक जण येत गेला, हा डावीकडे हात दाखवत गेला. सगळे गेले, एकटी नीतू राहिली. ही पोरगी मंडळीत नवीन, सगळ्यात हळू पळणारी, लाल टोपी घालायची, आणि वाटेत फुलंबिलं बघत थांबायची. येईल, म्हणून हा थांबला. नीतू येईना. अंकुर पाठवणार होता तो माणूसही येईना.

ऊन चढायला लागलं. भादव्यातलं ऊन ते, अंगाला चावतं. बाटलीतलं पाणी संपलं. माश्या कानाशी गुणगुणायला लागल्या. प्रेमानंदने हाका मारल्या, आधी नीतूच्या नावाने, मग अंकुरच्या, मग अंकुरच्या नावापुढे जे जे लावता येईल ते लावून. उत्तर नाही.

तुम्ही-आम्ही असतो तर निघालो असतो. इथेच तर गोम आहे. कोक ओव्हनमध्ये आयुष्य गेलेला माणूस असा निघत नाही. तिथला नियम असा, की रिलीव्हर आल्याशिवाय जागा सोडायची नाही. पाळी संपू दे, पोटात कावळे ओरडू देत, पुढच्या पाळीचा माणूस समोर येऊन उभा राहिला पाहिजे आणि त्याने जा म्हटलं पाहिजे. तेव्हाच गाडीवरून उतरायचं. भट्टी कुणाची वाट बघत नाही, आणि सोडलेल्या जागेवर काय होऊ शकतं हे तिथल्या प्रत्येकाने कधी ना कधी पाहिलेलं असतं. मुलगी मोनाली शाळेच्या गॅदरिंगमध्ये नाचणार होती त्या दिवशी प्रेमानंदचा रिलीव्हर आला नाही. याने दुसरी पाळी ओढली. शिव्या अशा दिल्या की शेजारच्या गाडीवरचा माणूस कानावर हात ठेवून बसला, पण खाली उतरला नाही.

आणि इथे तर समोर खाण होती. आपण दहा पावलं खाली गेलो, आणि तेवढ्यात ती पोरगी मान खाली घालून आली आणि सरळ उजवीकडे गेली तर?

म्हणून तो उभा राहिला. उभा राहिला आणि आतून पेटत गेला. अंकुरचं सोडा, तो क्लास चालवतो, त्याला पाळी म्हणजे काय ठाऊक? पण प्रफुल्ल? ज्या गेटातून मी आत जातो त्याच गेटातून हा जातो. याला नाही माहीत, उभा केलेला माणूस स्वतःहून हलत नाही? याचा रिलीव्हर दहा मिनिटं उशिरा आला तर हा कँटीनभर सांगत फिरतो. तळपायाची आग मस्तकात जाणे म्हणतात ते काय असतं, हे त्याला त्या वळणावर कळलं, आणि वरून सूर्य तेच काम उलट दिशेने करत होता.

सूर्य डोक्यावरून कलल्यावर शेळ्या घेऊन एक म्हातारी आली. याला बघून दचकलीच.

"तुमन काबर ठाढ़े हव?" तिने विचारलं, इथे का उभे म्हणून.

नीतूचं वर्णन करून याने विचारलं, अशी कुणी दिसली का? म्हातारी हसायलाच लागली. "सब्बो झन कब के चल दिन गा. लाल टोपी वाली नोनी ला गाड़ी मा बइठा के ले गिन." पोरगी लंगडत होती, असंही तिने चालून दाखवलं.

म्हणजे नीतू या वळणापर्यंत आलीच नव्हती. पाय मुरगळून खालूनच परत फिरली होती, तिला गाडीत घातलं होतं, आणि सगळे केव्हाच निघून गेले होते. ज्या पोरीसाठी हा दिवसभर वाट राखत होता, ती घरी पोहोचून पाय शेकत बसली असेल. आणि एवढ्या माणसांत एकाच्याही डोक्यात आलं नाही, की वर एक माणूस उभा आहे, त्याला सांगून येऊ.

खाली उतरला तर पळसाला टेकलेली याची सायकल तेवढी एकटी उभी. गाडी गेलेली, तिच्याबरोबर याची बॅग, फोन, डबा, सगळं गेलेलं. म्हातारीच्या तुंब्यातलं पाणी पिऊन तो निघाला. वाटेत एका हापशावर थांबला तेवढंच. ऑफ-सीझनचा सगळा हळूपणा त्याने त्या रस्त्यावर फेकून दिला. समोरून वारा, रसमड्याची काळी धूळ दातात, पायात गोळे. पण पॅडलवर पडणारा प्रत्येक पाय कुणाच्या तरी नावाचा होता.

घरी पोहोचला तेव्हा ओठ फुटलेले, बोलायला जीभ उचलेना. सत्यशीला दारातच उभी होती, आणि तिने त्याच्या चेहऱ्याकडे न बघताच सुरू केलं.

"झालं समाधान? किती डाव सांगतलं तुमाले, चार लोकायत राग आवरत जा. मी तुमाले फोन केला तं त्या अंकुरनं उचलला. म्हणे, अंकल नाराज होऊन आधीच निघून गेले. लाज वाटली मले. इतकी पोरं सोबत अन् तुमी रुसून..."

मग तिने बघितलं. तिने त्याला आत नेलं, खुर्चीवर बसवलं, साखर-मीठ घातलेलं पाणी दिलं. दोन तांबे पाणी पोटात गेल्यावर त्याने तुटक तुटक सगळं सांगितलं. ती ऐकत होती आणि तिचा चेहरा दगडासारखा होत चालला होता.

संध्याकाळी प्रफुल्ल आला. एका हातात प्रेमानंदची बॅग, दुसऱ्या हातात जिलबीचा पुडा. पुडा त्याने टेबलावर ठेवला, बॅग खुर्चीजवळ.

"प्रेमाभाऊ, गलती झाली जी," तो म्हणाला. "नीतूचा पाय मुरगळला, त्या गडबडीत... अन् अंकुर म्हणे, अंकल गेले असतीन चिडून. मलेही तसंच वाटलं. तुमचा स्वभाव तं..."

"सायकल दिसली नाही माझी?"

"दिसली न. मी म्हणलं बी. तं अंकुर म्हणे, इथंच कुठी फुगून बसले असतीन, येतीन मागून." एवढं बोलून प्रफुल्ल स्वतःच थांबला. आपण काय बोललो हे त्याचं त्यालाच ऐकू आलं असावं.

सत्यशीलेला आणि प्रफुल्लला वाटलं, आता छप्पर उडेल. प्रेमानंद ओरडला नाही. घसा बसला होता म्हणून असेल, पण आवाज खाली होता.

"राग येते मले," तो म्हणाला. "रोज येते. पण सोडून कधी गेलो? एक डाव सांग. नाल्यात त्या बँकवाल्यावर ओरडलो, तं त्याले हात धरून पार कोणी नेलं? मीच नेलं न? प्लांटात, जंगलात, कुठीबी. सांग, कधी सोडून गेलो?"

प्रफुल्लने टेबलावरचा पुडा त्याच्याकडे सरकवला. मग एकदम, घाईघाईने म्हणाला, "जाऊ द्या न भाऊ. डिसेंबरात आपण दोघंच जाऊ. पक्कं. मी आजच अंकुरले सांगतो. तुमचं-माझं नाव देतो."

हे वाक्य ऐकण्यासाठी प्रेमानंद होळीपासून तोंड शिवून पळत होता. ते असं, जिलबीबरोबर, समोर आलं. त्याने खुर्चीचे हात घट्ट धरले. हो म्हणायला फक्त मान हलवायची होती, आणि मान हलायच्या बेतात आलीही होती, हे खोटं कशाला बोला.

तेवढ्यात सत्यशीला म्हणाली, "प्रफुल्ल भाऊ, एक सांगा. वळणावर कोणी उभं राहाचं, हे दर डाव कसं ठरते?"

"अंकुर सांगते न वहिनी."

"अंकुर कधी उभा राहिला?"

"नाही."

"तुमी?"

प्रफुल्लने मान हलवली. नाही.

"मग दर डाव मेश्रामच कावून? मी नाही सांगत. तुमी सांगा. तुमी आपल्याकडचे आहा, तुमाले समजते."

आडनाव ऐकून माणसाला कुठे उभं करतात, हे प्रफुल्लला समजत होतं. नदीच्या अलीकडच्या गावातही ते समजत होतं आणि पलीकडच्याही, आणि ते मागे टाकूनच तर दोन्ही घरांतली म्हातारी माणसं इथे प्लांटात येऊन राहिली, एका भोंग्यावर कामाला गेली. एवढं करून पोरगं काय शिकलं, तर हसायला.

"नाही येत मी," प्रेमानंद म्हणाला.

"भाऊ, विचार करा. जोडीबगर घेत नाहीत ते. तुमच्यासंग दुसरा कोण येईन?"

"कोणीच नाही येत. माहीत हाय मले. पण जो मले उभं करून हसते, अन् मंग विसरते, त्याच्यासंग मी डोंगरात नाही जात."

प्रफुल्ल उठला. जिलबीचा पुडा टेबलावरच ठेवून, चप्पल अडकवून बाहेर पडला. अशा रीतीने डिसेंबर गेला. प्रेमानंदला तो जाताना दिसत होता, आणि त्याचा राग तसूभर कमी झाला नव्हता. उलट त्यात आता आणखी एकीची भर पडली होती, जिच्यावर रागवायची त्याची हिंमत होईना.

"फोनवर त्यानं सांगतलं," त्याने विचारलं, "तवा तुले बी खरं वाटलं?"

सत्यशीलेने त्याच्याकडे बघितलं. नाही म्हणणं सोपं होतं.

"वाटलं," ती म्हणाली. "वीस वर्षांपासून संग आहो, अन् त्या काल्च्या पोट्ट्यानं सांगतलं ते मी मानलं."

तिने टेबलावरचा पुडा उचलला आणि तरातरा बाहेर गेली. प्रफुल्ल गाडीला किक मारत होता. तिने पुडा त्याच्या हँडलला अडकवला, आणि ज्या बाईचा आवाज त्या क्वार्टरांच्या लाइनीत कधी भिंतीपलीकडे गेला नव्हता, ती ओरडली.

"त्या अंकुरले सांगजा! हा माणूस सोडून गेला नोता! तुमी सोडून गेलते याले! तुमी! अन् त्याले विचारजा, कोण्या तोंडानं मले फोनवर खोटं सांगतलं!"

समोरची खिडकी उघडली, बाजूचं दार उघडलं. मेश्रामांकडे ओरडणं म्हणजे प्रेमानंदच, असं समजून लोक बाहेर आले आणि बघतच राहिले. प्रफुल्ल मान खाली घालून निघून गेला, तरी ती थांबली नाही. ज्यांनी ज्यांनी विचारलं त्या प्रत्येकाला ती रस्त्यात उभी राहून पहिल्यापासून सांगायला लागली, तितक्याच मोठ्या आवाजात. प्रेमानंद भिंत धरत दारापर्यंत आला. त्याने तिला आत बोलावलं नाही.